सातवा बोल्ट

१

लेम्मेत गेला गुरुवारी सकाळी. शुक्रवारची दुपार होईतो अख्ख्या लुओब्बाल गावाने निकाल लावून टाकला होता, की त्याला गावची मेकॅनिक रिस्तेन हिने मारलं. मुद्दाम नाही, विसरून. पण मेलेल्या माणसाला त्या फरकाचं काय करायचं आहे?

शनिवारी सिग्गाआत्या गावात उतरली तेव्हा आभाळ टेकड्यांवर येऊन बसलं होतं आणि वरून ना धड पाऊस ना धड बर्फ असलं काहीतरी पडत होतं. एप्रिल संपत आला की इथे असंच असतं. पायाखाली चिखल, डोक्यावर करडा रंग, आणि माणसांची तोंडंही त्याच रंगाची. सिग्गाआत्या ही रेनडियरपाळ संघाची अपघात तपासनीस. वय अठ्ठावन्न, उजवा गुडघा कामातून गेलेला, जीभ मात्र शाबूत. निम्म्या मुलखाची ती नात्याने आत्या लागायची. उरलेल्या निम्म्याने उगाच वाद नको म्हणून तेच नाव उचललं होतं.

संघाच्या शेडमध्ये लेम्मेतची बर्फगाडी आडवी पडली होती. उजवी स्की पोटाखाली मुडपलेली, काच फुटलेली, हँडल वाकडं. शेजारी तालुक्याचा पोलीस अंमलदार हॉकून नाक पुसत उभा होता.

"यात तपासण्यासारखं काही नाही, सिग्गाबाई," तो म्हणाला. "उजव्या स्कीच्या सस्पेन्शनचा खालचा बोल्टच नाही. सपाट बर्फावर गाडी चार मैल गेली, कारण तो दांडा नुसत्या वजनाने जागेवर बसून राहतो. गुर्रा घळीच्या उतारावर पहिला दणका बसला, दांडा निसटला, स्की आत वळली आणि माणूस खडकावर. बुधवारी दुपारी गाडी रिस्तेनने तपासली होती. सोमवारी मी तिच्यावर हलगर्जीपणाने मृत्यूचा गुन्हा लावतोय. वर्कशॉप तर बंद होईलच, बाई आतही जाईल."

"रिस्तेन काय म्हणते?"

"म्हणते, बोल्टला चीर गेली होती म्हणून काढला, नवा आणायला शहरात गेले, आणि गाडी वापरू नये म्हणून हँडलला खूण बांधून गेले. खूण म्हणजे लाल पट्टी, ती प्लास्टिकची. गाव जाणतं ना, लाल पट्टी दिसली की बापाचीही गाडी हलवायची नाही. मी अंगण पाहिलं, रस्ता पाहिला, घळ पाहिली. पट्टीचा तुकडाही नाही. बाकी घरोघरी विचारलं. कुणीही पाहिली नाही." हॉकूनने एक पुठ्ठ्याचं कार्ड पुढे केलं. "आणि हे बघा तिच्याच हातचं."

दरवर्षी कळप समुद्राकडे निघायच्या आधी रिस्तेन अंगण-अंगण फिरून प्रत्येक गाडीचे सस्पेन्शनचे आठ बोल्ट तपासायची. पान्याने ताण बघायचा, मग बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर जाईल अशी एक पिवळी रेघ ओढायची. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. कार्डावर आठ चौकोन होते. सातांत खूण होती. सातवा मोकळा.

"विसरली," हॉकून म्हणाला. "सोपं आहे."

सिग्गाआत्याने कार्ड उजेडाकडे धरलं. "बाबा रे, तू कधी किराणा आणायला जातोस का? यादीतलं विसरतोस ते शेवटचं. हिने सातवा सोडून आठवा नीट केलाय. मधलं विसरत नाही माणूस. मधलं सोडून देतो, जाणूनबुजून."

गुडघ्याला शिव्या घालत ती खाली बसली आणि रिकाम्या भोकाभोवती बोट फिरवलं. बाकी सात बोल्टांवर ताज्या पिवळ्या रेघा होत्या. इथे लोखंड स्वच्छ होतं. नव्या रेघेचा अर्धा तुकडा नाही, गेल्या वर्षीच्या जुन्या रेघेचा मागमूसही नाही. कुणीतरी ते चिंधीने, रॉकेल लावून, पुसून काढलं होतं.

"तपासलेला बोल्ट मागाहून कुणी चोरला असता, तर लोखंडावर अर्धी रेघ राहिली असती," ती पुटपुटली. "हे भोक नव्या बोल्टासाठी तयार करून ठेवलंय. पोरगी खरं बोलतेय, हॉकून."

"मग खूण कुठे गेली?"

सिग्गाआत्या तोवर वाकड्या हँडलजवळ गेली होती. ब्रेकच्या खटक्याच्या स्प्रिंगमध्ये काहीतरी अडकलं होतं. तिने नखाने ते सोडवलं आणि तळव्यावर घेतलं.

लोकरीचा एक धागा. लाल, आणि त्याला पीळ घालून बसलेला एक पिवळा.

प्लास्टिकच्या पट्टीतून लोकर कुठून येणार?

२

योव्ना हा लेम्मेतचा चुलतभाऊ. अंगाने आडवा, तोंडाने तिरका, आणि गेल्या शरद ऋतूपासून लेम्मेतशी कानावर खाच न पडलेल्या तीस वासरांवरून भांडत असलेला. वासराच्या कानावर मालकाची खाच पडली नाही तर ते कुणाचं, हा इथला सगळ्यात जुना झगडा. गावात रिस्तेननंतर दुसरं नाव कुजबुजलं जायचं ते योव्नाचंच, कारण गुरुवारी सकाळी सात वाजता तो लेम्मेतच्या अंगणात उभा होता, हे दोघांनी पाहिलं होतं.

"पेट्रोलचा डबा मागायला गेलो होतो, आत्या," तो म्हणाला. डोळे सुजलेले होते. "लोक म्हणतात मीच पट्टी काढली. काढीन कशाला? वासरांसाठी? अगं, भांडायला भाऊ तर जिवंत पाहिजे ना! आता भांडू कुणाशी?"

"त्याने गाडी आदल्या दिवशी वापरली नव्हती?"

"कुठून! बुधवारी दिवसभर तो माझ्या मागे बसून कळपावर होता. माझ्याच गाडीने मी त्याला रात्री आठला घरी सोडला, दारातच. तो थेट आत गेला. सकाळी कळपातल्या सहा माद्या नदीच्या बाजूला सुटल्याचं कळलं, नदीचा बर्फ फुटायला आलाय, मग कसली कॉफी नि कसलं काय. चढला नि गेला."

"आणि हँडलला काही नव्हतं?"

"लाल पट्टी असती तर मीच त्याला कॉलर धरून उतरवला असता. ती बघ, माझ्या जुन्या गाडीवर आहे, तीन दिवस झाले, हात लावलाय का मी?"

अंगणाच्या कोपऱ्यात एक गंजलेली गाडी उभी होती आणि तिच्या हँडलवर लाल प्लास्टिकची पट्टी वाऱ्याने फडफडत होती. सिग्गाआत्या लंगडत तिथवर गेली. पट्टी जेमतेम वीतभर होती, गाठ कशीबशी बसलेली. तिच्या टोकाला, चिकट बाजूला, तपकिरी पुठ्ठ्याचे कपचे चिकटून आले होते.

तिने एक कपचा नखाने सोलून पाहिला.

"योव्ना, रिस्तेन फेरी कुठून सुरू करते?"

"नदीकडून. वर चढत येते. बुधवारी माझ्याकडून लेम्मेतकडे गेली. त्याचं शेवटचं घर." तो थांबला. "का गं?"

"काही नाही. तू तोंड धुऊन घे आणि काहीतरी खा. वासरांचं नंतर बघू."

गुंडाळी संपली की आतल्या नळीचा पुठ्ठा पट्टीबरोबर सोलून निघतो, हे सांगायला तपासनीस लागत नाही. रिस्तेनची लाल पट्टी योव्नाच्या अंगणात संपली होती. लेम्मेतच्या गाडीवर ती बांधायला तिच्याकडे तसूभरही उरली नव्हती.

म्हणजे गावाने तीन दिवस जी वस्तू शोधली, ती तिथे कधी नव्हतीच. मग बांधलं होतं काय?

३

लेम्मेतच्या घरात चुलीवर कॉफी उकळत होती आणि कुणी ती उतरवत नव्हतं. माग्गा, त्याची बायको, खिडकीपाशी बसली होती. सातवा महिना. तिच्या मागे भिंतीवर नवा पाळणा टांगलेला होता, लाकूड पोखरून केलेला, कातड्याने मढवलेला. लेम्मेतने हिवाळाभर बसून बनवला होता.

सिग्गाआत्याने स्वतःच कॉफी उतरवली, दोन कपांत ओतली, इथल्या रीतीप्रमाणे आपल्या कपात वाळवलेल्या मांसाचे दोन तुकडे टाकले आणि समोर बसली. सांत्वनाचे शब्द तिला जमत नसत. तिने दुसरा कप पुढे सरकवला.

"पी. तुझ्यासाठी नाही तर आतल्यासाठी पी."

माग्गाने कप उचलला. "अंमलदार दोनदा येऊन गेला, आत्या. प्लास्टिकची पट्टी पाहिली का, म्हणून. नव्हती. शपथेवर सांगते, नव्हती."

"माहीत आहे मला. रिस्तेन आली तेव्हा तू घरी होतीस?"

"नव्हते. दुकानात गेले होते, पाचला परतले. ती तोवर गेली होती. मी असते तरी काय? आठ वर्षांत या उंबऱ्यावर तिने पाय ठेवलेला नाही. गाडीचं काम करते, अंगणातल्या अंगणात, आणि जाते. नवरा तिला वर्षातून एकदा बोलावायचा, मी कधी काही म्हटलं नाही." तिचा आवाज किंचित चढला. "गावात दुसरा मेकॅनिक आहे कुठे!"

लेम्मेत आणि रिस्तेनची गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक होती. लग्न ठरल्यात जमा होतं, मग काहीतरी बिनसलं, आणि वर्षभरात लेम्मेतने किनाऱ्याकडच्या माग्गाशी लग्न केलं. का बिनसलं हे कुणी विचारलं नाही. इथे माणसं पाच-पाच मैल बर्फात एकमेकांना शोधत जातील, पण एकमेकांना विचारणार नाहीत.

"गुरुवारी सकाळी तो निघाला तेव्हा बोलणं झालं तुमचं?"

"नाही." माग्गाने कप खाली ठेवला. "तो घाईत होता. आणि मी... मी पाठ करून झोपले होते. जागी होते, पण पाठ करून. म्हटलं, संध्याकाळी विचारू."

"काय विचारायचं होतं?"

माग्गाचा हात पोटावर गेला आणि तिथेच थांबला.

"काही नाही हो. घरातलंच काहीतरी."

सिग्गाआत्याने तिच्याकडे पाहिलं आणि मांसाचा तुकडा चावत राहिली. बाहेर छपरावरून पाणी ठिबकत होतं. तिला आता हे उत्तर नकोसं वाटायला लागलं होतं.

४

वर्कशॉपच्या दारावर कुणीतरी कोळशाने लिहिलं होतं: "एक विसरलीस." रिस्तेनने ते पुसलं नव्हतं.

आत ती बाकावर बसून पाने तेलाने पुसत होती. पस्तिशीची, हाडकुळी, केस कात्रीने स्वतःच कापल्यासारखे. तिच्यासमोर एका डब्यात दोन बोल्ट होते, एक नवा, चकचकीत, आणि एक जुना. जुन्याच्या मानेवर केसाएवढी चीर होती.

"दीडशे मैलांवरून आणला," ती म्हणाली. "गुरुवारी दुपारी परत आले. गाडी गावात शिरवते तो लोक बर्फावरून घसरगाडी ओढत आणत होते. त्यावर तोच होता."

"जुना बोल्ट लावूनच का नाही ठेवलास?"

"नमुना लागतो, जुनं मॉडेल आहे. आणि चीर गेलेला बोल्ट जागेवर दिसला की माणूस म्हणतो, चालेल अजून एक दिवस. नसला तर..." ती थांबली. "नसला तर खूण वाचेल, असं वाटलं."

"लेम्मेतला फोन?"

"केला. कळपावर फोन लागत नाही. तीनदा केला."

"आणि घरात सांगायचं. दोन पावलं होती."

रिस्तेनने पाना खाली ठेवला. "घरी कुणी नव्हतं तेव्हा. पण असतं तरी मी ठोठावलं नसतं, आत्या. खोटं कशाला बोलू? थांबले असते तासभर, तर माग्गा आली असती. मी थांबले नाही. मला ते दार नको होतं."

सिग्गाआत्या तिच्या पायांकडे बघत होती. रेनडियरच्या कातड्याचे बूट, टोकाला वर वळलेले. डाव्या बुटाच्या घोट्याभोवती विणलेली लोकरी पट्टी होती, लाल जमिनीवर पिवळी-हिरवी नागमोडी नक्षी, टोकाला गोंडे. उजवा बूट सुतळीने बांधलेला होता.

"उजवी कुठे गेली?"

"हरवली."

"हं. मी चौथीत असल्यापासून बुटांच्या पट्ट्या विणतेय. एक हरवली तर बाई दुसरी जोडी घालते. तुझ्याकडे काय कमी आहेत? एका पायात नक्षी नि एका पायात सुतळी असं कुणी हिंडत नाही. ही उरलेली तुला सोडवत नाहीये, म्हणून घातलीयेस." सिग्गाआत्याने खिशातून रुमाल काढला आणि त्यातला धागा बाकावर ठेवला. लाल, त्यात पिवळा. "ब्रेकच्या स्प्रिंगमध्ये होता. तुझी प्लास्टिकची गुंडाळी योव्नाकडे संपली. तू वाकलीस, आणि पायातली सोडलीस."

रिस्तेनने धागा उचलून बोटाला गुंडाळला.

"त्याच्यासाठीच विणली होती ती जोडी," रिस्तेन म्हणाली. "लग्नाला म्हणून. त्याने परत केली, तेव्हापासून मीच वापरते, चांगली लोकर आहे. मला वाटलं, चिंधी बांधली तर वाऱ्याने उडेल, सुतळी बांधली तर तो बघणारही नाही. पण ही... ही त्याला शंभर पावलांवरून दिसेल. थांबेल. विचार करेल, ही इथे का? मग भोक दिसेल. यापेक्षा पक्की खूण माझ्याकडे नव्हतीच."

"हे हॉकूनला का नाही सांगितलंस? तो बिचारा गावभर प्लास्टिक शोधत फिरतोय."

"पहिल्या दिवशी खूण म्हटलं, त्याने लाल पट्टी लिहून घेतलं. मला शुद्ध नव्हती. दुसऱ्या दिवशी कळलं की हँडलला काहीच सापडलं नाही. दुहेरी गाठ होती, आत्या. वाऱ्याने सुटत नाही." तिने वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर अशी काकुळती होती की सिग्गाआत्याला नजर वळवावी लागली. "मग माझ्या लक्षात आलं, ती पट्टी बघून कुणाला हात आवरला नसेल. गावातला दुसरा कुणी ती सोडेल का? तिच्या पोटात पोर आहे. तिला हे कळलं तर ती ते पोर कसं वाढवील? मी एकटी आहे, मला तुरुंग चालेल. तू लिही की मी विसरले."

"म्हणजे मी खोटं लिहू?"

"एक ओळ."

"तीस वर्षांत नाही लिहिली," सिग्गाआत्या म्हणाली. "पाय पुढे कर."

५

तिसऱ्या प्रहरी ती पुन्हा माग्गाच्या स्वयंपाकघरात बसली होती. यावेळी तिने कॉफी ओतली नाही. टेबलावर तिने ती विणलेली पट्टी ठेवली, गोंडे सरळ करून, नक्षी वर करून.

माग्गाने टेबलावरचा हात मागे ओढला. "ही तुम्हाला कुठे..." ती झटकन पाळण्याकडे वळून पाहू लागली.

बस्स. तिथेच सगळं उघडं पडलं.

"ती नाही, पोरी. ती तुझ्याकडेच आहे. ही तिची जोडीदार. जोड्या असतात त्यांच्या."

"तिने दिली? माझं नाव घेतलं तिने?"

"तिने मला खोटं लिहायची गळ घातली, तुझं नाव येऊ नये म्हणून. तिच्या पायातली मी सोडून आणली." सिग्गाआत्याने श्वास घेतला. "तू काय समजलीस ते सांग. मी ऐकायला बसलेय, ओरडायला नाही."

माग्गा उठली. जड पावलांनी पाळण्यापाशी गेली, तळाशी अंथरलेली कातडी उचलली आणि खालून घडी केलेली पट्टी काढली. लाल, पिवळी-हिरवी नागमोडी. टेबलावर दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी पडल्या.

"दुकानातून आले तर हँडलला बांधलेली," ती म्हणाली. "मी किनाऱ्याकडची असले तरी एवढं कळतं मला. इथली बाई पुरुषाला बुटाची पट्टी देते ती कशासाठी! त्याच्या कपाटात जुना फोटो आहे, त्यात तो हीच घालून उभा आहे. मी सातवा महिना घेऊन बटाट्याची पिशवी ओढत आलेय, आणि माझ्या अंगणात, माझ्या नवऱ्याच्या गाडीवर... मला वाटलं, मी घरी नाही बघून ही निरोप ठेवून गेली. की बाहेर ये, भेट. माझ्या डोक्यात तिडीक गेली, आत्या. दाताने सोडवली मी ती गाठ. म्हटलं, त्याला दाखवायची नाही. पोटातल्यासाठी त्याने जो पाळणा केला त्याच्याच तळाशी ठेवायची आणि उद्या संध्याकाळी काढून त्याच्या तोंडासमोर धरायची. बघू काय बोलतो."

"आणि मग हॉकून आला."

"तो प्लास्टिकचं विचारत होता. मी नाही म्हटलं. खरंच नव्हतं ना!" तिने पट्टीची एक सुरकुती बोटाने सपाट केली. "मला पहिल्या रात्री काहीच कळलं नाही. काल दुपारी कुणीतरी म्हणालं, रिस्तेन सांगते खूण बांधली होती. तेव्हा माझ्या पायाखालची... मी स्वतःला सांगितलं, ती प्लास्टिकची असणार. वेगळी असणार. ती उडाली असणार. कालपासून सांगतेय. आता सकाळी तुम्ही विचारलंत तेव्हाही सांगत होते."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. दोन्ही हात टेबलावर ठेवून ती त्या दोन पट्ट्यांकडे बघत राहिली, आणि सिग्गाआत्याने आपला थंडगार हात तिच्या हातावर ठेवला.

"तुझ्यावर कुठलं कलम लागत नाही," सिग्गाआत्या म्हणाली. "खूण आहे हे तुला ठाऊकच नव्हतं. पण सोमवारी त्या पोरीवर लागतंय, आणि ती लावून घ्यायला तयार बसलीय. मला अहवाल लिहायचाय. मला जे समजलं ते मी लिहिणार, त्याला इलाज नाही. पण माझ्या कागदातून ते गावाला कळावं की तुझ्या तोंडून, एवढं तुझ्या हातात आहे. मी उद्या दुपारपर्यंत थांबते."

"थांबू नका," माग्गा म्हणाली. "माझा कोट द्या."

६

दोघी चिखलातून चालत गेल्या, एक पोटाने जड आणि एक गुडघ्याने लंगडी, त्यामुळे गावाला खिडकीतून बघायला भरपूर वेळ मिळाला. योव्ना आपल्या अंगणातून नुसता बघत राहिला. मग काय वाटलं कोण जाणे, येऊन त्याने माग्गाचा दुसरा दंड धरला आणि एक अक्षर न बोलता वर्कशॉपच्या वळणापर्यंत सोडून परत गेला.

दारावरची कोळशाची अक्षरं माग्गाने वाचली. कोटाच्या बाहीने ती पुसायला लागली. काळं फरकटलं, पण वाचता येईना एवढं झालं. मग तिने ठोठावलं.

रिस्तेनने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. दोघींनी आठ वर्षांत एकमेकींना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

माग्गाने खिशातून दोन्ही पट्ट्या काढून पुढे धरल्या. "मी सोडली," ती म्हणाली. "हॉकूनला मी सांगणार आहे. आज. तू काही सांगायचं नाहीस."

"माग्गा, अगं कशाला..."

"थांब. मला एकच विचारायचंय. त्याला विचारायचं होतं, आता तो नाही." तिने पट्ट्या आणखी पुढे केल्या. "त्याने ही ओळखली असती?"

सिग्गाआत्याने मनातल्या मनात म्हटलं, खोटं बोल गं बाई, एक ओळ खोटं बोल. मघाशी मला लिहायला सांगत होतीस तशी.

रिस्तेनने पट्टीच्या नक्षीवरून अंगठा फिरवला. छपरावरून बर्फाचा एक ओला गठ्ठा घसरून खाली पडला.

"लगेच," ती म्हणाली. "म्हणून तर तीच बांधली."

माग्गाने मान हलवली. "म्हणजे निरोप त्याच्यासाठीच होता, एवढं मी बरोबर ओळखलं होतं," ती म्हणाली, आणि पट्ट्या तशाच हातात धरून पुढे झुकली.

रिस्तेनने तिला पडू दिलं नाही. दोन्ही हातांनी तिला पोटासकट सावरत ती उंबऱ्यातच खाली बसली, आणि माग्गा तिच्या तेलकट कोटात तोंड खुपसून ओरडून रडायला लागली, तीन दिवसांचं सगळं. रिस्तेनही रडत होती, पण आवाज न करता. सिग्गाआत्याने त्यांच्या बाजूने वाट काढून आत जाऊन चुलीवर किटली ठेवली, बाकावर जागा केली, आणि अहवालाचा कोरा कागद काढून पहिल्या ओळीत तारीख घातली. दुसरी ओळ तिला संध्याकाळपर्यंत सुचली नाही.